लॉर्ड सिंहांच्या मुलाचा वारसाहक्क

मी साताऱ्यात वकिली करते. वारसाचे दावे हे माझं रोजचं काम. जमिनीचा तुकडा असो की पोस्टातली ठेव, समोरचा वकील पहिला प्रश्न बहुतेक वेळा आईबद्दल विचारतो : हिचं लग्न झालं होतं हे कशावरून? लग्न गावच्या मांडवात लागलेलं असतं, नोंद नसते, लावणारे भटजी हयात नसतात. अशा दाव्यांची तयारी करताना मी जो जुना निकाल पुन्हा पुन्हा वाचते, तो जमिनीचा नाही. तो एका ब्रिटिश उमरावपदाचा आहे, आणि ते पद एका बंगाली घराण्याचं आहे.

सत्येंद्र प्रसन्न सिंह हे बीरभूम जिल्ह्यातल्या रायपूरचे. हे रायपूर म्हणजे छत्तीसगडची राजधानी नव्हे, बोलपूरजवळचं गाव. शांतिनिकेतनची जमीन देवेंद्रनाथ ठाकूरांना मिळाली, ती याच गावच्या सिंह जमीनदारांकडून. सत्येंद्र प्रसन्न लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, बंगालचे ॲडव्होकेट जनरल झाले, 1909 मध्ये व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसणारे पहिले भारतीय ठरले. 1915 साली मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्ष तेच होते. गोखले आणि फिरोजशहा मेहता दोघेही त्याच वर्षी गेले होते. सभेत त्यांची उणीव किती जाणवली असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

1919 मध्ये त्यांना 'बॅरन सिंह ऑफ रायपूर' ही पदवी मिळाली. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशा पाच पायऱ्यांतली ही शेवटची. पण वंशपरंपरागत, आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसण्याचा हक्क देणारी. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंच्या घराण्याला 1857 साली मिळालेली बॅरोनेटची पदवीही वंशपरंपरेची होती, मात्र तिने लॉर्ड्सचं दार उघडत नसे. त्या सभागृहात बसणारे पहिले भारतीय सिंहच. भारतमंत्र्यांचे उपमंत्री या नात्याने 1919 चा भारत सरकार कायदा त्यांनीच तिथे मांडून मंजूर करून घेतला.

अशी पदवी राजाच्या सनदेने मिळते, आणि ती पुढे कुणाकडे जाणार हेही सनदेतच लिहिलेलं असतं. सिंहांच्या सनदेत नेहमीचेच शब्द होते : त्यांच्या देहापासून झालेले औरस पुरुष वारस. यात मुलगी बसत नाही. दत्तकही बसत नाही. दत्तक नामंजूर करून 1848 मध्ये जिथलं राज्य खालसा झालं, त्या साताऱ्याच्या माणसाला हे वाचताना जरा थांबावंच लागतं. बाकी सगळा भार 'औरस' या एका अटीवर येतो.

लॉर्ड सिंह 1928 मध्ये वारले. थोरला मुलगा अरुणकुमार. पण वडील गेले म्हणून मुलगा आपोआप सभागृहात जाऊन बसू शकत नाही; बोलावण्याचा हुकूम निघावा लागतो, आणि हक्काविषयी शंका असेल तर लॉर्ड्सची विशेषाधिकार समिती पुरावा तपासते. इथे शंका निघाली ती आईवडिलांच्या लग्नाबद्दल. सत्येंद्र प्रसन्न आणि गोविंदमोहिनी यांचं लग्न 1880 साली हिंदू पद्धतीने झालं होतं. त्या काळी हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची मुभा होती. त्यांनी ती केली नाही, आयुष्यभर केली नाही. तरीही निव्वळ मुभा होती, एवढ्यावरून इंग्रजी कायदा त्या लग्नाकडे संशयाने पाहत होता. त्यामागे 1866 चा हाइड विरुद्ध हाइड हा निकाल होता. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं इतर सर्वांना वगळून जन्मभराचं नातं, अशी व्याख्या त्यात केली होती.

समितीची अडचण मी वकील म्हणून समजू शकते. दोन बायका असत्या, आणि धाकटीला मुलगा आधी झाला असता, तर थोरला कोण? पदवी एकालाच जाते. जमिनीसारखे तिचे हिस्से पडत नाहीत. पण सिंहांच्या घरात हा पेच कधी उभाच राहिला नव्हता.

निकाल 1939 मध्ये लागला. लॉर्ड चॅन्सेलर मॉम यांनी मत दिलं की, भारतात राहणाऱ्यांचा हिंदू विवाह इंग्लंडची न्यायालयं मानतात आणि त्यातली संतती औरस ठरते. पदवीसाठी मात्र त्यांनी आणखी एका गोष्टीचा आधार घेतला : हे जोडपं पुढे साधारण ब्राह्म समाजात गेलं होतं, आणि त्या समाजात दुसरं लग्न चालत नसे. म्हणून हे लग्न एकपत्नीक. अरुणकुमार दुसरे बॅरन झाले. वडिलांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी.

मला हा निकाल अर्धाच न्याय देणारा वाटतो. मुलाला पदवी मिळाली हे योग्यच झालं. पण गोविंदमोहिनींचं लग्न जणू ब्राह्म समाजात गेल्यावर पुरतं लग्न झालं, असा अर्थ त्यातून निघतो, आणि तो मला मान्य नाही. त्या 1880 पासूनच एकट्या पत्नी होत्या. माझ्या पक्षकार बायकांपैकी कितीतरी जणींना कागदापुढे आपला संसार असाच सिद्ध करावा लागतो.

हा निकाल छापून आला तो 1946 मध्ये. एका भारतीय पुरुषाने हिंदू विवाह झालेला असताना लंडनमध्ये पुन्हा नोंदणी विवाह केला होता; तो रद्द ठरवताना तिथल्या अपील न्यायालयाने सिंह निकालाचा आधार घेतला. पहिली पत्नी भारतात होती, हिंदू विधीने लग्न झालेली, आणि तिचं लग्न लंडनमध्येही खरं ठरलं. योगायोग असा की, हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा मुंबई प्रांताचा कायदाही 1946 चाच.

पदवी पुढे चालली. दुसरे बॅरन 1967 मध्ये वारले, तिसरे 1989 मध्ये. चौथे 1992 मध्ये गेले तेव्हा मागे मुलगा नव्हता, म्हणून पदवी त्यांच्या काकांकडे गेली आणि 1999 मध्ये काकांच्या मुलाकडे. त्याच वर्षीच्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांचा लॉर्ड्समध्ये बसण्याचा हक्क संपवला; नाव उरलं, आसन गेलं. राजगादीसाठी मुलगा-मुलगी हा भेद ब्रिटनने 2013 च्या कायद्याने काढला. तो कायदा उमरावपदांना लागू नाही. सिंह घराण्यात पुढे कधी फक्त मुलीच राहिल्या, तर रायपूरची बॅरनपदवी तिथेच संपेल.