बांधावरचा आस्कंद

शनिवारी कधी घोडेगावहून शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागला असाल, तर दुकानांच्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. तेलाच्या बाटल्या, काळे कापड, घोड्याची नाल आणि रुईच्या पानांच्या माळा. रुई कोणी मुद्दाम लावत नाही. उकिरड्यावर, पडीक रानात ती आपोआप येते. पण शनिमहाराजांना चालते म्हणून तिला इथे मान आहे आणि दोन पैसेही आहेत. त्याच पडीक रानात रुईच्या शेजारी आणखी एक झुडूप उभे असते. त्याची माळ कोणी करत नाही. बांध साफ करताना आपण ते विळ्याने छाटतो, नाहीतर त्यावर तणनाशक मारतो, आणि त्याच झुडपाच्या मुळीचे चूर्ण शहरातल्या दुकानातून डबीत भरून विकत आणतो. हे झुडूप म्हणजे आस्कंद. कोणी आसंध म्हणतात, कोणी ढोरगुंज. वैद्यांची अश्वगंधा ती हीच.

आधी ओळख पटवू या, कारण इथेच घोटाळा होतो. झाड गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच. खोडावर, फांद्यांवर आणि पानांच्या पाठीवर पांढुरकी लव असते, त्यामुळे सगळे झाडच धुळीने माखल्यासारखे दिसते. फुले बारीक, हिरवट-पिवळी, पानाच्या बेचक्यात झुबक्याने चिकटलेली. फळ वाटाण्याएवढे, कागदासारख्या पातळ पिशवीत झाकलेले, पिकले की लालबुंद. म्हणून तर ढोरगुंज हे नाव. खरी गुंज मात्र वेगळी. ती वेलीवर येते, तिच्या लाल बीवर काळा ठिपका असतो आणि ते बी विषारी असते.

पोरांची चूक होते ती रानपोपटीशी. पोपटीचे फळही असेच पिशवीत असते आणि पोरे ते आवडीने खातात. फरक लक्षात ठेवा. पोपटी पावसाळ्यात पिकात उगवणारे मऊ, ठेंगणे तण आहे. तिचे फळ बारीक देठाला एकेकटे लोंबते आणि पिकले तरी पिवळसरच राहते. आस्कंदाचे झाड काटक, उन्हाळ्यातही तग धरणारे. त्याची फळे खोडाला बिलगून घोसात येतात आणि लाल होतात. ही लाल फळे खायची नाहीत, हे घरातल्या लहानांना एकदा झाड दाखवूनच सांगा. दोहोंत साम्य इतके की मोठमोठे पंडितही फसले. लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७५३ साली आस्कंदाला पोपटीच्याच कुळीत घातले होते. त्याला वेगळे काढायला पुढे १८५२ साल उजाडले. लिनियसने दिलेल्या नावाचा एक भाग मात्र अजून टिकून आहे, आणि त्याचा अर्थ ‘झोप आणणारी’ असा आहे. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची, तंबाखू आणि धोतरा हे सगळे या झाडाचे भाऊबंद. एकाच घरात भाजीही आहे आणि विषही आहे, हे ध्यानात असू द्या.

मुळी ओली असताना उपटून हुंगा. घोड्याच्या अंगाला येतो तसा दर्प येतो. अश्वगंधा नाव त्यावरूनच पडले. घोड्याचे बळ अंगी येते म्हणून हे नाव, असे जत्रेतले विक्रेते सांगतात, ते विक्रीपुरते सोडून द्या.

बळाची गोष्ट अगदीच खोटी आहे असे मात्र नाही. चरकसंहितेत आस्कंद दोन गटांत आहे : बळ देणाऱ्या औषधांत आणि अंगावर मांस चढवणाऱ्या औषधांत. रोडावलेले मूल, तापातून उठलेला माणूस, म्हातारपणी झोप उडालेले आजोबा, सुगीत राबून राबून कंबर धरलेली बाई, अशांना मुळीचे चूर्ण दुधातून द्यायची जुनी रीत आहे. पाने गरम करून, एरंडेल लावून सुजेवर आणि गळवावर बांधतात. हा पानांचा उपयोग बाहेरून करायचा. पाने पोटात घ्यायची नाहीत. हे आजीबाईंच्या बटव्यात पहिल्यापासून होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयानेही औषधे बनवणाऱ्यांना मुळीच वापरा, पाने वापरू नका असे कळवले. कारण उघड आहे. मुळी महाग आणि पाला स्वस्त. चूर्णात पाला मिसळला की वजन वाढते, आणि पाल्यातले काही घटक मुळीपेक्षा जास्त तीव्र असतात.

म्हणून जमेल तिथे तयार चूर्णापेक्षा अख्खी मुळी घ्या. मुळी डोळ्यांना दिसते. आत पांढरी असते, मोडली की पीठ झडते. चूर्णात काय दळले आहे ते देवच जाणे. घरी थोडीथोडीच कुटा, वस्त्रगाळ करा आणि कोरड्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा, कारण तिला कीड फार लवकर लागते.

घ्यायची कशी? वैद्यकात मोठ्या माणसाला दिवसाला तीन ते सहा ग्रॅम चूर्ण सांगितले आहे. सुरुवात चहाच्या अर्ध्या चमच्याने करावी. कपभर दुधात कपभर पाणी घालून त्यात चूर्ण टाका आणि मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळा. थोडा गूळ किंवा चमचाभर तूप घाला आणि रात्री झोपण्यापूर्वी घ्या. चव कडवट लागते. ज्याला दूध पचत नाही त्याचे पोट बिघडते, मग गुण दूरच राहिला. दोन दिवसांत फरक पडेल असेही समजू नका. हे हळू चालणारे औषध आहे. लहान मुलांना किती द्यायचे ते मात्र वैद्यांनाच विचारा. आपल्या चमच्याने मोजू नका.

नव्या शास्त्रानेही याची दखल घेतली आहे. शरीराला ताण सोसायला मदत करणाऱ्या औषधांना ‘अ‍ॅडाप्टोजेन’ म्हणतात. हा शब्द १९४० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञांनी काढला आणि आज आस्कंदाचे नाव त्या यादीत अग्रभागी असते. हैदराबादला ६४ जणांवर झालेली एक पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सतत ताणाखाली असलेल्या माणसांना दोन महिने मुळीचा अर्क दिला. अर्धे लोक अर्क घेत होते, अर्धे नुसत्या दिसायला तशाच गोळ्या, आणि कोण काय घेतो ते त्यांना ठाऊक नव्हते. अर्क घेणाऱ्यांचा ताण बराच उतरला आणि ताणाच्या वेळी रक्तात वाढणारा कॉर्टिसॉल नावाचा स्रावही कमी झाला. झोपेबाबतही अशा पाहण्या झाल्या आहेत. पण एक ध्यानात घ्या, तो घट्ट केलेला अर्क होता, आपले घरचे चूर्ण नव्हे; माणसे थोडी होती आणि काळ दोनच महिन्यांचा. याचा उपयोग दिसतो, एवढेच म्हणावे. सगळ्या रोगांवर एकच पुडी असे कोणी म्हणू लागला तर त्याच्यापुढून उठून जावे.

आता माझ्या चुलतबहिणीची हकिकत सांगते, कारण हा लेख लिहायला तीच निमित्त झाली. नेवासे तालुक्यातच तिला दिलेली आहे. कांद्याची काढणी, घरात दोन जनावरे, त्यात सासूबाईंचे आजारपण. बाई थकून गेली होती. देवदर्शनाला गेली असताना रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याने तिला अश्वगंधेच्या पुड्या दिल्या आणि दोन वेळा भरपूर घ्या म्हणून सांगितले. तिनेही श्रद्धेने घेतल्या. तीन आठवड्यांनी तिची छाती धडधडू लागली, हात कापू लागले, झोप येण्याऐवजी उडाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, आणखी काय घेता? तेव्हा सगळे बाहेर आले. बाई चार वर्षांपासून थायरॉइडची गोळी घेत होती. विक्रेत्याने विचारले नव्हते आणि तिलाही ते सांगण्याजोगे वाटले नव्हते. आस्कंदाने थायरॉइडचा स्राव वाढू शकतो. गोळी आणि पुडी दोन्ही एकाच दिशेने ओढत होती असे डॉक्टरांचे मत पडले. पुडीत नेमके काय होते कोण जाणे, त्यामुळे सगळा दोष आस्कंदावर टाकणे बरोबर नाही. पुडी बंद केली, रक्त तपासले, आणि काही आठवड्यांत बाई ठिकाणावर आली.

तेव्हा थायरॉइडची, साखरेची, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आस्कंद घेऊ नका. गरोदरपणी तर मुळीच नको. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात काही घरी आस्कंद घालतात. तिथेही आधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारलेले बरे, कारण बाळ अंगावर पीत असते. क्वचित यकृतालाही त्रास होतो. २०२० मध्ये आइसलंड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. आस्कंदाच्या गोळ्या घेतल्यावर त्यांना कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, आणि गोळ्या बंद केल्यावर काही महिन्यांत ते बरे झाले. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिथल्या पूरक आहारात या वनस्पतीला बंदीच घातली. आपल्याकडे शतकानुशतके वापर आहे म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण डोळे पिवळे दिसले, लघवी गर्द झाली, तर त्या दिवशीच औषध थांबवून दवाखाना गाठा.

आणखी एका गोष्टीची मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडे थकव्याला ‘अशक्तपणा’ हे एकच नाव आहे. पाळी अंगावरून जास्त जाऊन रक्त कमी झालेल्या बाईला आपण आस्कंदाचे दूध देतो. संध्याकाळी कणकण येणाऱ्या, दोन आठवडे खोकणाऱ्या, कपडे सैल झालेल्या माणसालाही तेच देतो. पहिलीला लोहाची गरज असते, आणि दुसऱ्याला क्षयाची तपासणी हवी असते. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि औषधही फुकट मिळते. दुधाने दोन दिवस बरे वाटते आणि तेवढ्यात महिना निघून जातो. क्षयात तो महिना घरातल्या पोराबाळांनाही महागात पडतो. हिमोग्लोबीन, साखर आणि गरजेप्रमाणे थुंकी आधी तपासून घ्या. त्यात काही निघाले नाही आणि थकवा नुसत्या कामाचा व काळजीचाच असेल, तर आस्कंद खुशाल घ्या.

लागवडीबद्दल विचारणारी मंडळी असतातच. देशात आस्कंदाचे मोठे पीक मध्य प्रदेशात, नीमच आणि मंदसौर भागात निघते. नीमचची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. राजस्थानातल्या नागौरवरून नागोरी आसगंध हे नाव पडले. बांधावरच्या रानटी झाडाची मुळी बारीक आणि लाकडासारखी निघते, लागवडीची जाड आणि पिठूळ. बाजाराला हवी ती ही दुसरी. म्हणून रानातले झाड उपटून तुमचा फायदा होणार नाही, बांध मात्र उघडा पडेल.

जमीन हलकी, निचऱ्याची हवी. मुळेच्या कालव्याखालच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात रोप कुजते; मुरमाड माळावर ते सुखी राहते. पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरात पेरणी करतात. फेकून पेरायचे तर एकरी चार-पाच किलो बी लागते. पाच-सहा महिन्यांनी पाने वाळू लागली, फळे लाल झाली की झाड मुळासकट काढायचे, मुळी धुऊन बोटभर तुकडे करून वाळवायची. हेक्टरी तीन ते पाच क्विंटल वाळलेली मुळी म्हणजे चांगले पीक. एकराला हिशेब मांडून पाहा, दीड-दोन क्विंटलच्या वर जात नाही. म्हणून ‘उसापेक्षा दुप्पट’ अशी भाषा करून बी विकणारा आला तर त्याला एकच विचारा : माल तू घेणार का, आणि कोणत्या भावाने, कागदावर लिहून देतोस का? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी व सुगंधी वनस्पतींवर संशोधन चालते. पेरण्याआधी तिथे एक चक्कर मारा. आणि पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांपेक्षा जास्त करू नका, निदान मुळी खणायला किती मजुरी लागते ते तरी कळेल.