एका थेंबाचा निकाल

टेबलावरचा माणूस निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. दुसऱ्या मुलानंतर त्यानं नसबंदी करून घेतली. त्याला नऊ वर्षं झाली. पुढं थोरला शेततळ्यात बुडून गेला. आता नस जोडून घ्यायला तो नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आलाय. नसबंदी पाव तासात उरकली होती. जोडणीला तीन तास तरी लागणार.

पुरुषानं नसबंदी करून घेणंच आपल्याकडे विरळा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. त्यामुळं ती जोडणारे हातही मोजकेच.

ही नस म्हणजे शुक्रवाहिनी, बाहेरून दोन-तीन मिलिमीटर जाड. आतलं भोक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. जुन्या नसबंदीची जागा बोटाला गाठीसारखी लागते. ती काढली, वृषणाकडचं टोक ताजं कापलं आणि त्यातून आलेला द्रव काचपट्टीवर घेतला. ऑपरेशनची दिशा इथं ठरते. शुक्रजंतू दिसले किंवा द्रव पाण्यासारखा नितळ असला, तर टोकाला टोक जोडायचं. टूथपेस्टसारखा घट्ट निघाला आणि जंतू नसले, तर अडथळा मागे, वृषणालगतच्या एपिडिडिमिसमध्ये असतो. मग थेट तिथल्या नाजूक नळीशी जोडणी करावी लागते आणि ती फार थोड्यांना जमते. तारीख घेण्याआधीच सर्जनला विचारावं : थेंब घट्ट निघाला तर काय कराल?

इथं दोन्ही बाजूंना जंतू दिसले. पुढचं सगळं काम मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्यानं. आधी आतलं अस्तर, मग बाहेरचा स्नायू. सर्जनची मनगटं टेकलेली. हलतात ती फक्त बोटांची टोकं.

हे सूक्ष्म तंत्र सत्तरच्या दशकात रुळलं. त्याआधीच, १९६७ साली, मुंबईच्या डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांनी अशा जोडण्यांचे अनुभव 'जर्नल ऑफ युरॉलॉजी'त मांडले होते. नाशिकहून चार तासांवरची ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

नसबंदी आणि जोडणीच्या मधली वर्षं मात्र महाग पडतात. १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांच्या आत जोडलेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या वीर्यात जंतू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांना गर्भ राहिला. पंधरा वर्षांनंतर हेच आकडे ७१ आणि ३०. नऊ ते चौदा वर्षांच्या गटात गर्भ राहिला ४४ टक्क्यांना. पत्नीचं वयही यात मोजावं लागतं, म्हणून तिच्या तपासण्या आधी झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सूचना : लंगोट घट्ट, बर्फाचा शेक, महिनाभर संबंध नाहीत, वजन उचलायचं नाही, मोटरसायकल तूर्त बंद. वीर्यतपासणी दीड महिन्यानं, मग पुन्हा. गर्भ राहायला वर्षही लागू शकतं.

"फवारणी आलीय, साहेब. पाठीवरचा पंप?"

"गडी लावा, दादा."

"आणि क्रेट?"

"तेही त्यालाच उचलू द्या."

पत्नीनं औषधांची चिठ्ठी घेतली आणि विचारलं, "तपासणीला मीही यायचं का?"

"याच," डॉक्टर म्हणाले.