ट्रॅक्टरचा मागचा एक्सल आणि डिफरन्शियल : कमी खर्चात मजबुती कशी आणावी?



गळीत हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरवाल्या सभासदांच्या गॅरेजच्या वाऱ्या सुरू होतात. कुणी डिझेल पंपाचे सेटिंग वाढवून घेतो, कुणी मोठे टायर चढवतो, कुणी एका ट्रॉलीच्या जागी दोन ट्रॉल्या जोडायचे ठरवतो. सगळ्यांचे लक्ष इंजिनाकडे. पण इंजिनाची ताकद ज्या वाटेने जमिनीपर्यंत जाते तो मागचा भाग, म्हणजे क्राऊन-पिनियन, डिफरन्शियल, बुल गिअर आणि एक्सल, हा मोडेपर्यंत कुणी उघडून पाहत नाही. आणि मोडतो तोही भर हंगामात, ट्रॉली भरलेली असताना. मग टोळी बसून राहते, उचल अंगावर चढते, ऊस वाळतो आणि वजन घटते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही दरवर्षी सांगतो. ट्रॅक्टरच पांदणीत बसला तर ते सांगणे काय कामाचे?

म्हणून या अंकात मागच्या एक्सलचा विचार करू. आमचे सांगणे थोडक्यात असे : हॉर्सपॉवर नंतर, मागचा भाग आधी. आणि त्यातही फुकटची कामे आधी, पैशांची कामे शेवटी.

डिफरन्शियल करते काय?

बंडीची दोन चाके आसावर आपापली फिरतात. म्हणून धुऱ्यावर बंडी वळवताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी फिरते आणि बैलांना त्रास होत नाही. ट्रॅक्टरची चाके मात्र इंजिन फिरवते. दोन्ही चाके एकाच सरळ दांड्यावर घट्ट बसवली तर वळताना एक चाक फरपटत जाईल. यावर फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तोड काढली. मधे छोटे स्टार गिअर बसवायचे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद मिळते आणि वळताना ती कमीजास्त फिरूही शकतात. आजच्या ट्रॅक्टरमध्ये तीच युक्ती आहे.

पण या युक्तीत एक खोड आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखीच ओढ वाटून देते. समजा, उजवे चाक काळ्या चिखलात आहे आणि तिथे त्याला २०० किलोची ओढच धरता येते. डावे चाक कडक जमिनीवर आहे आणि ते ७०० किलो ओढू शकते. तरी डाव्यालाही २०० च मिळणार. दोन्ही मिळून ४००. उजवे चाक गरगर फिरत राहते आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. इथे पंप कितीही वाढवला तरी उपयोग शून्य.

लॉक लावले की दोन्ही बाजू एक होतात आणि ओढ २०० अधिक ७००, म्हणजे ९०० किलो होते. मात्र आता डाव्या बाजूचा एक्सल आणि बुल गिअर एकट्याने ७०० किलोचा भार सोसतात. लॉक फायद्याचे का आणि चुकीने वापरले तर घातक का, ते या हिशेबावरून ध्यानात यावे.

टायरचे घसरणे म्हणजे फ्यूज

पहिल्या गिअरात इंजिनाचा पीळ चाकापाशी पोचेपर्यंत साधारण दीडशे-दोनशे पट होतो. तो सगळा एक्सलवर आला तर एक्सल टिकणार नाही. पण तसे होत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. घरातल्या फ्यूजसारखे हे आहे. मागच्या चाकांवर जितके वजन जास्त तितका टायर उशिरा घसरतो, आणि तितका जास्त पीळ एक्सलला सोसावा लागतो.

म्हणून टायरमध्ये पाणी भरणे, चाकांना लोखंडी वजने लावणे, मोठे टायर चढवणे हे सगळे ओढ वाढवते खरे, पण आतल्या दातांचे आयुष्यही खाते. वजन कंपनीच्या पुस्तकात सांगितले तेवढेच वाढवावे. पाणी भरायचे तर व्हॉल्व्ह सर्वात वर ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण टायर भरावा आणि वर हवेला जागा ठेवावी. मध्य प्रदेशात बुधनी येथे १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. वजन लावून आणि न लावता ट्रॅक्टर किती ओढतो हे अशा चाचणी-अहवालात दिलेले असते. आपल्या मॉडेलचा अहवाल पाहून मगच ट्रॉलीचा विचार करावा.

फुकटची कामे

१. दोन्ही मागचे टायर सारखे असावेत. एक नवा आणि एक गुळगुळीत, किंवा हवा कमीजास्त, असे चालणार नाही. एका टायरचा घेर ३.९ मीटर आणि दुसऱ्याचा ३.८ मीटर असेल तर दर किलोमीटरला जवळजवळ ७ फेऱ्यांचा फरक पडतो. कारखाना २५ किलोमीटरवर असेल तर एका खेपेला सुमारे १७० फेऱ्या. फक्त वळणापुरते फिरायचे ते स्टार गिअर सरळ रस्त्यावरही झिजत राहतात.

२. लॉक लावताना आधी चाक थांबवावे, मग टाचेने पेडल दाबावे, मग हळू क्लच सोडावा. चाक गरगरत असताना लॉक मारले तर धक्क्याने दात उडतात. लॉक लावून वळू नये. चिखलातून निघालो की लॉक सुटले की नाही ते पाहावे.

३. थोडेच घसरत असेल तर घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबून पाहावा. त्या चाकाला अडथळा मिळाला की डिफरन्शियल तेवढीच ओढ दुसऱ्या चाकाला देते. हे वावरात करायचे. रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पेडलांची कडी जोडलीच पाहिजे.

४. हौसिंगचा ब्रीदर साफ करावा. तो मातीने बुजला की आत दाब वाढतो आणि ऑइल सील गळू लागते. पुष्कळदा सील बदलून पैसे जातात आणि दोष असतो ब्रीदरचा.

५. दोन चाकी ट्रॉलीत ऊस पुढच्या बाजूला जास्त रचू नये. त्याने हुकावर भार येतो, एक्सल दबतो आणि ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात.

थोड्या पैशांची कामे

हंगामाआधी तेल काढून पाहावे. ड्रेन प्लगला बारीक भुकटी चिकटलेली असेल तर ती नेहमीची झीज. चकत्या किंवा दातांचे तुकडे निघाले तर हौसिंग उघडावेच. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर पाणी शिरले असे समजावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक यांना एकच तेल असते. त्यात साधे ९० नंबरचे गिअर ऑइल स्वस्त म्हणून ओतू नये. ब्रेक कुरकुरतात आणि नीट धरत नाहीत.

आवाजही पुष्कळ सांगतो. ओढताना घूं घूं येत असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर. फक्त वळताना येत असेल तर स्टार गिअरवर. सरळ, वळण, कसेही आले तरी एकसारखा येत असेल तर बेअरिंगवर. बेअरिंग वेळेवर बदलले तर क्राऊन-पिनियन वाचते. बेअरिंग ढिले ठेवले तर दोन्ही जातात.

क्राऊन-पिनियन बदलायचेच झाले तर जोडीने बदलावे. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एक जुने आणि एक नवे बसवले तर ओरडतात आणि लवकर जातात. मिस्त्रीला दातांवर शेंदूर आणि तेलाचा पातळ लेप लावून फिरवायला सांगावे. ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी उमटला तर शिम बदलून पुन्हा पाहावे. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण नव्या सेटचे आयुष्य त्यावरच आहे.

जुना माल घेताना

शर्यतीच्या मोटारी हाताने बांधणाऱ्यांचा अनुभव आपल्यासारखाच आहे. इंजिनाची ताकद वाढवली की मागचा एक्सल तक्रार करतो. १९३० च्या दशकात युरोपातल्या शर्यतीच्या गाड्यांत चाकाला मर्यादेपेक्षा जास्त घसरू न देणारे डिफरन्शियल आले. ते महाग. म्हणून बेताचा पैसा असलेले लोक भंगारातून जड गाडीचा एक्सल शोधून आणतात. काही जण तर स्टार गिअरच वेल्डिंगने जाम करतात. सरळ पट्टीवर पळणाऱ्या गाडीला ते चालून जाते. आपल्याला धुऱ्यावर वळायचे असते, भरल्या ट्रॉलीने रस्त्याचे वळण घ्यायचे असते. आपण ते करू नये. तुटलेला एक्सल वेल्ड करून बसवणे तर मुळीच नको. तो पुन्हा तिथेच किंवा शेजारी तुटतो आणि चाक बाहेर येते.

जुना एक्सल घ्यायचा तर त्याच मॉडेलचा घ्यावा. त्याच्या स्प्लाइनच्या रेघा सरळ आहेत का ते पाहावे. पीळ पडलेला दिसला तर तो सोडून द्यावा. दुकानात बसूनच रॉकेल-खडूची परीक्षा करावी. एक्सल स्वच्छ पुसून रॉकेलात भिजवावा, कोरडा पुसावा आणि वर खडूची भुकटी लावावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन रेघ ओली दिसते. खर्च काही नाही आणि फसगत टळते.

नोंदणीपत्रात दिलेल्या माहितीशी विसंगत असा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही. तसा बदल करून अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो.

शेवटचे आणि सर्वात महत्त्वाचे

मागची चाके रुतून जाम झाली आणि इंजिन जोर लावतच राहिले, तर चाकाऐवजी ट्रॅक्टरच एक्सलभोवती फिरू पाहतो. पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. ड्रायव्हरला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलच्या वर बांधली तर हे लवकर होते. ओढ नेहमी खालच्या हुकावरच घ्यावी. ट्रॉली रुतली तर मागे घेऊन पाहावे, अर्धा ऊस उतरवावा, दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. अर्धा तास गेला तरी चालेल. ऊस पुन्हा भरता येतो.

हंगाम सुरू होण्याआधी ज्यांनी तेल काढून पाहिले, टायर जोडीने बसवले आणि ड्रायव्हरला लॉकची पद्धत समजावून दिली, त्यांनी निम्मी मजबुती जवळजवळ फुकट मिळवली. उरलेल्या निम्म्यासाठी पैसे लागतील तेव्हा ते आधी बेअरिंगला आणि तेलाला द्यावेत, पंपाला नंतर.