आधी खाच पाहा, मग सुई निवडा

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी-शहागंजसारख्या जुन्या वस्तीत, घर आवरताना माळ्यावर रेकॉर्डची पेटी निघाली, तर तिच्यात दोन काळ एकत्र सापडण्याची शक्यता मोठी. मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी अमेरिका-ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास थांबली. भारतात ती त्यानंतरही काही वर्षे निघत राहिली. त्यामुळे बालगंधर्वांची नाट्यपदे लाखेवर आणि नंतरची भावगीते व्हिनाइलच्या एलपीवर, असा मिश्र ठेवा आपल्याकडे उरला आहे. तो ऐकण्यासाठी टर्नटेबल घ्यायचा, तर पहिला प्रश्न कार्ट्रिजचा. खाचेतली थरथर विजेत बदलते ती याच लहानशा भागात.

दाब पडला की काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. जुन्या स्वस्त प्लेअरमधली कार्ट्रिज याच तत्त्वावर चालत. आधी त्यांत रोशेल मिठाचा स्फटिक असे. तो ओल सोसत नाही आणि ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचा निकामी होतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. तबकडी फिरते पण आवाज येत नाही, असा जुना प्लेअर हाती आला तर संशय आधी या स्फटिकावर घ्यावा. पुढे आलेले सिरॅमिक कार्ट्रिज टिकाऊ ठरले. त्याचा संदेश शेकडो मिलिव्होल्टचा, म्हणून साधा ॲम्प्लिफायर पुरतो. पण सुईचा भार बहुधा ५ ग्रॅमच्या घरात जातो आणि खाच झिजते.

उरलेले दोन प्रकार फॅरेडेच्या १८३१ च्या शोधावर उभे आहेत: चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांसापेक्ष हलले की वीज निर्माण होते. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये सुईच्या दांडीला चुंबक असतो. भार साधारण २ ग्रॅम, संदेश ३ ते ५ मिलिव्होल्ट. मूव्हिंग कॉइलमध्ये वेटोळेच हलते. ते हलके असल्याने बारीक हरकतीही नेमक्या उमटतात. मात्र संदेश बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टहून कमी, त्यामुळे तो वाढवणारी खास यंत्रणा लागते. सुई झिजली तर ती घरी बदलता येत नाही.

आपल्या मिश्र पेटीचा निर्णय इथेच होतो. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ ते २५ मायक्रॉन, ७८ साठी सुमारे ७५. एलपीची सुई लाखेच्या रुंद खाचेत तळाला टेकते आणि गाण्याऐवजी धूळ-खरखर उचलते. जाड सुई एलपीच्या खाचेत नीट शिरतच नाही, कडा खरवडते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई तर एलपीला लावूच नये.

म्हणून माझे मत ठाम आहे. अशा घराने मूव्हिंग मॅग्नेटच घ्यावे आणि तेही ७८ ची वेगळी सुई मिळते असेच मॉडेल. सुईचा भाग बोटांनी ओढून बदलता येतो; ७८ साठी भार निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे वाढवावा. ॲम्प्लिफायरला मोनोचे बटण असल्यास ७८ वाजवताना ते दाबावे: त्या तबकडीतले संगीत आडव्या हालचालीत असते, उभ्या हालचालीतून येणारी खरखर मोनोत परस्पर रद्द होते. महागड्या मूव्हिंग कॉइलचे पैसे उरले, तर ते तबकड्या स्वच्छ करण्यावर आणि वेळेवर सुई बदलण्यावर खर्चावेत. झिजलेली सुई खाचेची भिंत खाते आणि तिथले गाणे पुन्हा कुठल्याच कार्ट्रिजला मिळत नाही.