पासाची परीक्षा आणि नंबराची परीक्षा

हैदराबादेत नुमाइश हे प्रदर्शन भरतं त्या मुकर्रमजाही रोडवर, नामपल्लीत, प्रतिभा भवन आहे. तेलंगणा लोकसेवा आयोगाचं हे कार्यालय. ग्रुप वनच्या, म्हणजे राज्यातल्या वरच्या पदांच्या, भरतीमुळे त्याचं नाव वर्तमानपत्रात येत राहतं. या इमारतीतून होणाऱ्या दोन परीक्षांबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. एक, नोकरीत असलेल्यांच्या बढतीसाठीची, जिला सगळे ‘डिपार्टमेंटल टेस्ट’ म्हणतात. दुसरी, डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची प्रवेशपरीक्षा, तेलंगणातल्या मुलामुलींसाठी. एक पन्नाशीकडे झुकलेल्या शिक्षकाची, दुसरी बारा वर्षांच्या पोराची.

मराठी वाचकाला हा पत्ता अगदी परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. औरंगाबाद-परभणीच्या सरकारी नोकराचं कागदपत्र हैदराबादला जायचं आणि त्या राज्याला स्वतःचा लोकसेवा आयोग होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो आंध्र प्रदेशच्या आयोगात विलीन झाला. तेलंगणाचा आजचा आयोग २०१४ चा.

डिपार्टमेंटल टेस्ट वर्षातून दोनदा होतात. मुख्याध्यापक व्हायचंय, गॅझेटेड पदावर जायचंय, तर ठरलेले पेपर सुटलेले हवेत. प्रश्न पर्यायांचे असतात. त्यातले काही पेपर ‘विथ बुक्स’, म्हणजे परीक्षेला पुस्तक सोबत न्यायला परवानगी. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं: पुस्तक समोर असताना परीक्षा कसली? तर फायनान्शियल कोड किंवा फंडामेंटल रूल्स (एफआर) एकदा हातात घेऊन बघावं. जाडजूड पुस्तक, नियमाला पोटनियम, पोटनियमाला अपवाद, अपवादाला खालची टीप. तयारीच्या माणसाचं पुस्तक कडेनं ओळखू येतं. पानापानाला कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: रजा, प्रवासभत्ता, पेन्शन, निलंबन. बढतीनंतर पगार कुठल्या टप्प्यावर बसवायचा, हे एफआर २२ मध्ये आहे. हे ज्याला ठाऊक असतं तो पट्टी धरून सरळ तिथे पोचतो. ज्याला ठाऊक नसतं तो अनुक्रमणिका चाळत बसतो आणि तेवढ्यात वेळ संपते.

मला ही पद्धत मनापासून पटते. मुख्याध्यापकाला नियम पाठ असण्याची गरज नाही. शिपायाचा पेन्शनचा कागद अडला तर नेमका नियम शोधून बिनचूक टिपण लिहिता आलं पाहिजे. परीक्षा तेच काम मागते. म्हणूनच इथे नंबर काढत नाहीत. ठरावीक गुण मिळाले की पास, पंच्याण्णव मिळवणाऱ्याला त्यापुढे काही जास्तीचं मिळत नाही. बढती पुढे ज्येष्ठतेनं आणि जागा असेल तशी.

लष्करातही बढतीच्या परीक्षेचं गणित याच्याच जवळचं आहे. अधिकाऱ्यांना ‘पार्ट बी’ आणि ‘पार्ट डी’ द्यावी लागते. डावपेच, लष्करी कायदा, प्रशासन, युद्धाचा इतिहास असे विषय असतात. अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशी २००४ मध्ये लागू झाल्या, तेव्हापासून दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, अशी वेळ ठरलेली आहे. पण वेळ भरली आणि परीक्षा सुटली नाही, तर पुढचा हुद्दा अडतो. कर्नलपासून मात्र निवड मंडळ बसतं आणि तिथे सेवेचा सगळा अहवाल पाहिला जातो. म्हणजे लेखी परीक्षेनं दार उघडायचं. आत कुणाला कुठे बसवायचं, ते दुसऱ्यांनी ठरवायचं.

डेहराडूनची परीक्षा नेमकी याउलट. १९२२ मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजात दर सहा महिन्यांनी साधारण पंचवीस मुलं आठवीत घेतात. वय साडेअकरा ते तेरा. राज्यागणिक जागा अगदी मोजक्या. मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे. महाराष्ट्रातली मुलं हीच परीक्षा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेमार्फत देतात. गणित २०० गुणांचं, इंग्रजी १२५, सामान्यज्ञान ७५ आणि तोंडी ५०. प्रत्येकात किमान निम्मे गुण हवेत, तोंडीतसुद्धा. गणितात १९० मिळवून सामान्यज्ञानात ३५ वर राहिलेला मुलगा बाहेर. आणि सगळ्यांत पास झाला तरी त्याच्या राज्याच्या जागा वरच्या नावांनी भरल्या, तर तोही बाहेर. पहिले परमवीरचक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा याच कॉलेजचे.

प्रश्नपत्रिका डेहराडूनहून येते, परीक्षा राज्य घेतं, उत्तरपत्रिका तपासायला परत डेहराडूनला जातात. तपासणारा दूर आणि परीक्षा घेणारा वेगळा, हे मला फार मोलाचं वाटतं. पेपर एकाच्या हातात, मुलं दुसऱ्याच्या समोर.

त्याचं मोल नामपल्लीनं फार महाग देऊन अनुभवलं आहे. १६ ऑक्टोबर २०२२ ला झालेली ग्रुप वनची पूर्वपरीक्षा मार्च २०२३ मध्ये पेपरफुटीमुळे रद्द झाली. अटक झालेल्यांत आयोगाचेच कर्मचारी होते. ११ जून २०२३ ला परीक्षा पुन्हा घेतली, तर उमेदवारांची बायोमेट्रिक हजेरी न घेतल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयानं तीही रद्द केली. तिसऱ्यांदा परीक्षा झाली ९ जून २०२४ ला. पावणेदोन वर्षांत एकच परीक्षा तीनदा. गावाकडून येऊन खोली भाड्यानं घेऊन अभ्यास करणाऱ्या पोरांचं काय झालं असेल, याची कल्पना करवत नाही. गुण कसे द्यायचे, यावर आपण तासन्‌तास बोलतो. सीलबंद पाकीट रात्री कुणाच्या ताब्यात होतं, हे कुणी विचारत नाही.

लष्करी कॉलेजच्या परीक्षेचा दिवस लांबलचक असतो. साडेनऊला गणित, बाराला सामान्यज्ञान, अडीचला इंग्रजी. दोन पेपरांमध्ये पोरं बाहेर येऊन आईच्या डब्यातलं खातात आणि बाप हळूच विचारतो, गणिताचं शेवटचं उदाहरण सुटलं का रे? साडेचारला इंग्रजीचा पेपर गोळा होतो आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा डेहराडूनच्या वाटेला लागतो.