मनचाहा : मनातली नक्षी मागावर

दिवसभर हात राबतात, पण मन त्या कामात कुठेच नसते. असे काम हळूहळू माणसाला आतून रिते करते. नोकरदाराला हा अनुभव येतो, तसाच तो कुशल कारागिरालाही येतो. मग एके काळी आपणही चित्रे काढत होतो, विणत होतो, रंग निवडत होतो, याचाच विसर पडतो. हरवलेली ही सर्जनशीलता परत कशी मिळते, याचे बोलके उत्तर जयपूरच्या गालिच्यांत सापडते.

या कथेचा आरंभ एका नाकारलेल्या नोकरीपासून होतो. राजस्थानातील चूरू येथील नंदकिशोर चौधरी यांच्यासमोर बँकेतील स्थिर नोकरीचा मार्ग खुला होता. तो सोडून त्यांनी १९७८ मध्ये वडिलांकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि दोन मागांवर गालिचे विणून घेण्यास प्रारंभ केला. विणकर ज्या समाजातील होते, त्याला त्या काळी अस्पृश्य मानले जाई. त्यांच्यासोबत उठणे-बसणे आप्तेष्टांना रुचले नाही. पण चौधरींनी ते सोडले नाही. पुढे महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या वलसाड परिसरातील आदिवासींनाही त्यांनी ही कला शिकवली. त्यांचा उद्योग आज ‘जयपूर रग्ज’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या विणकरांत स्त्रियांचेच प्रमाण मोठे आहे.

नकाशाबरहुकूम विणकाम

गालिचा विणणे हे धीराचे काम आहे. उभ्या मागावर ताण्याचे सुती धागे ताणलेले असतात. लोकरीचा धागा त्यांत गुंफून गाठ मारायची आणि सुरीने कापायचा. गाठींची ओळ पूर्ण झाली की बाण्याचा धागा आडवा घालून पंजाने ठोकायचा. एका गालिच्यात अशा लाखो गाठी असतात. कोणती गाठ कोणत्या रंगाची, हे चौकटीच्या कागदावरचा नकाशा ठरवतो. तो आखणारा निराळा आणि विणणारी निराळी. बोटांत इतके कौशल्य असूनही त्या विणीत तिचे स्वतःचे असे काहीच उरत नाही.

जयपूरला ही परंपरा जुनी आहे. इराणी बागेची नक्षी असलेला एक सुप्रसिद्ध गालिचा आज तेथील अल्बर्ट हॉल संग्रहालयात आहे. १६३२ साली त्याची नोंद आमेरच्या भांडारात झालेली होती. एकोणिसाव्या शतकात जयपूरच्या तुरुंगातील बंदीही गालिचे विणत. त्यांच्या मागांवर उतरे ती नक्षीही दुसऱ्याचीच.

नकाशा बाजूला ठेवल्यावर

‘मनचाहा’ या उपक्रमाने ही चाकोरी मोडली. विणकरांना शिल्लक राहिलेले रंगीत सूत देण्यात आले आणि नकाशा दिलाच नाही. जे मनात येईल ते विणावे, एवढेच सांगण्यात आले. ज्या हातांनी आयुष्यभर केवळ आज्ञा पाळली, त्यांच्यापुढे कोरा माग उभा राहिला, तर पहिली गाठ मारताना ते अडखळणारच. चुकलेली गाठ दाखवून देणारा कागदही समोर नाही. पण ओळीमागून ओळ चढत गेली, तशा मागावर घरे, झाडे, मोर आणि रोजच्या वापरातल्या वस्तू उमटू लागल्या. त्यामुळे प्रत्येक गालिचा एकमेवाद्वितीय ठरला. या गालिच्यांना परदेशांतही संकल्पनेसाठी पुरस्कार लाभले. पुढे हाच प्रयोग राजस्थानातील कारागृहांत पोहोचला. जयपूरचे बंदीही आता स्वतःच्या मनातली नक्षी विणू लागले.

यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. या स्त्रियांचा माग, लोकर आणि गाठ पूर्वीचीच राहिली. बदलला तो निर्णयाचा अधिकार. श्रमाने शरीर थकते. पण स्वतःचा कौल नसलेल्या श्रमाने मन थकते.

नोकरीतून निवृत्त झालेल्यांना किंवा ती सोडून थोडी उसंत घेणाऱ्यांना हे विशेष उपयोगी पडेल. विणकामाच्या सुया, क्रोशाची सुई वा भरतकामाची रिंग पुन्हा हाती घेताना प्रारंभी पुस्तकातल्या नमुन्याचा आधार घ्यावा. हात रुळला, की घरात उरलेले धागे एकत्र करून एखादा लहान तुकडा नमुन्याविना विणून पाहावा. तो ओबडधोबड झाला तरी हरकत नाही. कोणता रंग कुठे घ्यायचा, हे ज्या क्षणी आपण ठरवतो, त्याच क्षणी मन कामावर परतलेले असते.