बारगीर व जॉकी : 'सयाजीराव' घोड्याच्या शर्यतीच्या निमित्ताने

परभणी जिल्ह्यातील जुनी दप्तरे चाळणारास शिलेदार, बारगीर, पागा, असामी, चंदी, नालबंदी हे शब्द नवे नाहीत. मोगली अमलात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होते. पुढे निजामाच्या राज्यात हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी अनेक वर्षे होती. ती १९०३ साली मोडली. हिंगोली १९९९ साली स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत असे. तेव्हा घोडा, त्याचा धनी व त्यावर बसणारा मनुष्य या तिघांच्या परस्परसंबंधाचे कागद या प्रांतात असणे स्वाभाविक आहे. या तिघांपैकी कोणाचे नाव मागे राहते, हा प्रश्न आम्ही येथे घेतला आहे, व त्याच्या उलगड्यासाठी एका घोड्यांच्या शर्यतीचे उदाहरण योजिले आहे. शर्यतीचे मैदान हे जुगाराचे स्थान, त्याच्याशी संशोधकाला काय कर्तव्य, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या विषयाची आठवण हजारो लोक पन्नास-पन्नास वर्षे जतन करितात, तो विषय इतिहासाबाहेरचा म्हणून टाकता येत नाही.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा. बारगीर म्हणजे दुसऱ्याच्या, मग तो सरकारच्या पागेचा असो की शिलेदाराचा असो, घोड्यावर बसून चाकरी करणारा. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवकालीन पागेची जी रचना सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असून त्या पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद दिलेला आहे. ही व्यवस्था मराठेशाहीबरोबर लोपली असे समजणे बरोबर नाही. कंटिंजंटचे रिसाले शिलेदारी पद्धतीचेच होते. शिलेदारी हक्कास तेथे असामी म्हणत व ज्याच्याजवळ घोडा नसे तो दुसऱ्याच्या असामीवर बारगीर म्हणून बसे. हे शब्द इंग्रज अंमलदारांच्या कागदांतही जसेच्या तसे आहेत. पहिल्या महायुद्धानंतर हिंदी फौजेची पुनर्रचना झाली, तीत ही पद्धत बंद पडली.

आता नावांचा विचार. मोगली चेहरेपत्रकांत स्वाराचा चेहरा व घोड्याचा रंग, खुणा आणि डाग ही सर्व टिपलेली असत. लबाडी होऊ नये, भाड्याचे तट्टू आणून पगार उचलला जाऊ नये, एवढाच त्यातील हेतू. शाहजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दीतील दख्खनची अशी पत्रके हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत, व पाथरी-जालन्याकडील अभ्यासकाने ती अवश्य पाहावी. मराठी जमाखर्चाच्या कागदात मात्र शिलेदार बहुधा नावाने येतो आणि बारगीर बहुधा संख्येने येतो. घोडा मेला तर त्याची नोंद होते, कारण तो किमतीचा. बारगीर पडला तर त्याच्या घरच्यांस काही द्यावयाचे असल्यास तेवढ्यापुरते त्याचे नाव उजेडात येते. एरवी तो पथकात मिसळून गेलेला असतो.

इ. स. १७२७ च्या नोव्हेंबरात बाजीराव पेशवे जालना व सिंदखेड प्रांतात शिरले. ती स्वारी पुढील फेब्रुवारीत पालखेड येथे निजामास कोंडून संपली, हे सर्वश्रुत आहे. घोड्यांच्या दौडीचे याहून मोठे उदाहरण या भूमीला ठाऊक नाही. तथापि त्या दौडीत दौडलेल्या बारगिरांपैकी कितीकांची नावे आपण सांगू शकू? योगायोग असा की, त्याच १७२७ साली इंग्लंडात जॉन चेनी नावाच्या गृहस्थाने वर्षभरात धावलेल्या शर्यतींची यादी छापून काढण्यास आरंभ केला. पुढे तेथे घोड्यांच्या वंशावळींचे पुस्तकही १७९१ पासून निघू लागले. म्हणजे घोड्याचा बाप कोण, आई कोण, तो कोठे व कधी धावला, हे एका देशात छापून ठेवले जात होते. आणि आपल्याकडे अश्वपरीक्षेची, भोवऱ्यांची व शुभाशुभ लक्षणांची पोथी पिढ्यान् पिढ्या उतरली जात होती. शालिहोत्राच्या या पोथ्या संग्राहकांस वारंवार भेटतात. त्यांत घोड्यांचे रंग आहेत, रोग आहेत, औषधे आहेत. एकाही घोड्याचे चरित्र नाही. ही तक्रार नव्हे, दोन परंपरांचा हेतूच निराळा होता.

या दोन परंपरा ज्या घराण्यात एकत्र आल्या ते बडोद्याचे गायकवाड घराणे. श्रीमंत सयाजीराव महाराज यांचे नाव आमच्या वाचकांस गायकवाड प्राच्य ग्रंथमालेमुळे नित्य परिचयाचे आहे. राजशेखराच्या काव्यमीमांसेने १९१६ साली सुरू झालेल्या त्या मालेने कित्येक हस्तलिखिते नाशातून वाचविली. महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत निवर्तले व त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांची आवड वेगळी. १९४३ साली मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर, देशात पैदा झालेल्या घोड्यांसाठी 'इंडियन डर्बी' प्रथम धावली, ती त्यांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली. घोडीवर एडगर ब्रिट हा सिडनीचा जॉकी होता.

१९४५ साली प्रतापसिंहरावांनी इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींस विकत घेतले. त्या काळी एवढ्या वयाच्या जनावरास इतकी किंमत कधीच आली नव्हती. गिनी २१ शिलिंगांची व रुपया १८ पेन्सांचा धरिल्यास हा आकडा ३,९२,००० रुपये होतो. शिंगराचा बाप नियार्को, आई रोझी लेजंड. त्याच जोडीचा 'डांटे' त्याच वर्षी डर्बी जिंकून गेला होता, म्हणून ही किंमत. महाराजांनी त्यास आजोबांचे नाव दिले : 'सयाजीराव'. आपल्याकडे घोड्यास वडील माणसाचे नाव देण्याचा विचारही कोणी करणार नाही. तिकडे तो सन्मान समजतात. प्रतापसिंहरावांच्या मनात कोणता भाव अधिक होता, हा ज्याने त्याने तर्क करावा.

न्यूमार्केट येथे सॅम आर्मस्ट्राँग याच्या देखरेखीखाली हा घोडा तयार झाला. १९४७ च्या उन्हाळ्यात त्याने आयरिश डर्बी जिंकली. एप्सम येथील मुख्य डर्बीत तो तिसरा आला. मग सप्टेंबरात डॉन्कास्टर येथे सेंट लेजर धावली. इंग्लंडच्या पाच 'क्लासिक' शर्यतींपैकी ही सर्वांत जुनी. ती प्रथम १७७६ साली, म्हणजे इकडे पुरंदरचा तह झाला त्या वर्षी धावली. अंतरही पाचांत सर्वांत लांब, पावणेदोन मैलांहून किंचित अधिक. म्हणून येथे केवळ वेग पुरत नाही, दम लागतो आणि तो दम कोठे खर्चावा व कोठे राखावा हे जाणणारा स्वार लागतो. त्या दिवशी लगाम एडगर ब्रिटच्या हाती होता. फ्रान्सचा 'आर्बार' शेवटपर्यंत अंगाला अंग लावून आला, आणि 'सयाजीराव' अवघ्या डोक्याच्या अंतराने पुढे निघाला. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन एक महिनाही पुरता लोटला नव्हता. बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होण्यास अद्याप दीड वर्ष अवकाश होता.

यापुढे तिघांच्या वाटा भिन्न झाल्या. धन्याची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. त्यांच्या खर्चाविषयी बडोद्याच्या प्रजेत असंतोष माजला, १९५१ साली भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली, थोरले पुत्र फत्तेसिंहराव यांस ती मिळाली, व प्रतापसिंहराव १९६८ साली परदेशी वारले. घोडा आयर्लंडात वंशवृद्धीसाठी राहिला. त्याच्या 'ग्लॅडनेस' या मुलीने १९५८ साली अॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला. आणि स्वार? त्याने पुढल्याच वर्षी 'ब्लॅक टार्क्विन'वर बसून पुन्हा सेंट लेजर घेतली, व इंग्लंडात एकंदर सात क्लासिक शर्यती जिंकल्या. एप्समची डर्बी मात्र त्याच्या हाती कधीच आली नाही. तो १९५९ साली मायदेशी परतला आणि २०१७ साली, वयाच्या १०४ व्या वर्षात, मरण पावला. त्या वेळी लोकांनी ज्या घोड्यांच्या आठवणी काढिल्या, त्यांत 'सयाजीराव' होता. मालकाचे नाव त्या ओघात आले.

हा केवळ दीर्घायुष्याचा परिणाम आहे काय? आमचे मते नाही. जॉकी हा तत्त्वतः बारगीरच होय. घोडा दुसऱ्याचा, अंगातील सदराही दुसऱ्याचा. कारण जॉकी जे रंग घालतो ते मालकाचे ठरलेले रंग असतात व दुरून तेच निशाणासारखे ओळखू येतात. पण पागेतील बारगीर व मैदानातील बारगीर यांत दोन मोठे भेद आहेत. पहिला असा की, पागेतल्याची दौड शत्रूने पाहिली आणि तिचा हिशेब पोताशात गेला. मैदानातल्याची दौड हजारो शौकिनांनी एकदम पाहिली, आणि त्याचे नाव घोड्याच्या नावाशेजारी आधीच छापलेले त्यांच्या हातात होते. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षे धावतो व निघून जातो. जॉकी वीस-वीस वर्षे त्याच मैदानावर दिसतो. म्हणून पाहणाऱ्याच्या मनातील कालगणना जॉकींवर बसते. आपण जसे 'माधवरावांच्या कारकीर्दीत' असे म्हणतो, तसे मुंबई-पुण्याचा जुना शौकीन पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे यांच्या दिवसांवरून काळ सांगतो. ही सारी मराठी नावे आहेत हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या समाजातील बारगीर कागदात संख्येने आला, त्याच समाजातील पोरे येथे नावाने आली.

स्मरणाचा जोर केवळ विजयावर अवलंबून नसतो, याचे उदाहरण कार्ल उमरीगर. हा तरुण पारशी जॉकी एप्रिल १९७९ मध्ये महालक्ष्मीस 'वसुधा' या घोडीवरून पडून प्राणघातक जखमी झाला. वय अवघे एकोणीस. त्याच्या पिढीतील शौकिनांस त्या हंगामातील जिंकलेल्या घोड्यांपेक्षा ती पडझड अधिक स्पष्ट आठवते. पोवाड्यातही पानपतावर पडलेल्यांस जे स्थान आहे ते सुखरूप परतलेल्यांस नाही. मनाची रीत एकच.

अशा आठवणी पुरावा म्हणून घेताना कोणती सावधगिरी ठेवावी? शौकिनास शेवटचा फर्लांग आठवतो, बहुधा खरा आठवतो. अंतर, वजन, हवामान, धावलेल्या घोड्यांची संख्या ही त्यास आठवत नाहीत, किंवा दुसऱ्या वर्षाची त्यात मिसळतात. उलट छापील पुस्तकात आकडे अचूक असतात, पण घोडा वळणावर का अडला हे त्यात नसते. जेथे दोन्हींचा मेळ बसतो ती गोष्ट निश्चित मानावी. जेथे विरोध येतो तेथे आकड्यापुरते पुस्तक प्रमाण व कारणापुरता पाहणारा प्रमाण, असा सामान्य नियम ठेवण्यास हरकत नाही.

नावांचा घोटाळा ही आणखी एक अडचण. १९४७ चे वर्तमानपत्राचे कात्रण पन्नास वर्षांनी हाती आले आणि त्यावर 'सयाजीराव विजयी' एवढेच शिल्लक राहिले, तर अजाण वाचक ते बडोद्याच्या महाराजांस लावण्याचा पूर्ण संभव आहे. महाराज १९३९ साली वारले होते, व घोडा १९४४ साली जन्मला, एवढ्या दोन सनांनी शंका फिटते. जुन्या पत्रांत हत्ती-घोड्यांची नावे माणसांसारखी येतात तेथेही हाच उपाय : शेजारी चंदी, नाल, झूल किंवा खोगीर यांचा उल्लेख आहे काय ते पाहावे.

आता संग्राहकांस एक विनंती. परभणी, पाथरी, जिंतूर, हिंगोलीकडील घरांत ज्यांचे पूर्वज रिसाल्यात होते, तेथे असामीच्या खरेदी-विक्रीचे कागद, चंदीचे हिशेब, नालबंदाच्या पावत्या निघाल्यास त्या मोडी किंवा फारसी सनदांच्या मानाने हलक्या समजून टाकू नयेत. बारगिराचे नाव सापडले तर अशाच कागदात सापडेल. तसेच मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त राहून परत आलेल्या वृद्धांच्या पेट्यांत शर्यतींची छापील पुस्तके असतात. घरचे लोक ती लाजेने लपवितात, अथवा रद्दीत घालतात. त्यांच्या समासात पेन्सिलीने केलेली टिपणे असतात : कोणता घोडा, कोणता स्वार, किती लावले, किती गेले, आणि कधी कधी शेवटच्या वळणाविषयी एखादा शब्द. छापील मजकूर अन्यत्र मिळेल. ती पेन्सिल पुन्हा मिळणार नाही. पुस्तक हाती आल्यास प्रथम त्याच्या धन्यास, तो हयात असेल तर, समोर बसवून प्रत्येक खुणेचा अर्थ विचारावा व तो वेगळ्या कागदावर तारखेसह उतरून घ्यावा. पाने जोडताना गोंद वापरू नये आणि पेन्सिलीच्या अक्षरांवर शाई फिरवू नये.